ज्या दुखण्यास नाव मिळत नाही

शास्त्रपाठ : मार्क ५:२५–३४, १ राजे १९:१–८



मार्काने जिची हकीकत लिहून ठेवली आहे त्या स्त्रीचे नाव आपणास ठाऊक नाही. ठाऊक आहे ते इतकेच की, तिच्या दुखण्याला बारा वर्षे झाली होती, एका वैद्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाता जाता तिची पदराची गाठ रिकामी झाली होती, आणि एवढे होऊनही दुखणे हटण्याऐवजी बळावलेच होते. लूकही हीच हकीकत सांगतो, परंतु वैद्यांविषयी त्याचा सूर मार्काइतका कडक नाही. तो स्वतः वैद्य होता, त्याचा हा गुण असावा, असे सेमिनरीतील आमचे एक गुरुजी हसून म्हणत असत.

अशा स्त्रिया आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि पुरुषही आहेत. भेद एवढाच की, त्या स्त्रीचे रक्त जात होते व ते दिसत होते. ह्यांचे काहीच दिसत नाही. एकीच्या सर्वांगाची आग होते. एकीच्या घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, पण भाकरीचा घास मात्र विनासायास उतरतो. एकाच्या छातीत धडधडते व हातापायांना मुंग्या येतात. एकीची दर चार दिवसांनी दातखिळी बसते. कोणाचे डोके जड, कोणाची कंबर धरलेली, कोणाला उठल्यापासून गळाठा. रक्त तपासले, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, सोनोग्राफी झाली, दोन शेळ्या विकून एमआरआय सुद्धा झाला. ते सर्व कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाई गावी येते. ओट्यावर बसलेले विचारतात, काय निघाले? ती म्हणते, काही निघाले नाही. त्या घटकेपासून तिला दुसरे दुखणे जडते, ते हे की तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

‘काही निघाले नाही’ ह्या शब्दांचे आपल्या लोकांत तीन अर्थ होतात. घरचे म्हणतात, सोंग आहे. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे, देवऋषाकडे न्या. आणि आपण मंडळीतली माणसे, हे लिहिताना मला लाज वाटते, म्हणतो की विश्वास उणा आहे, किंवा घरात एखादे झाकलेले पाप आहे. तिन्ही उत्तरांत एक सोय सारखीच आहे. एकदा उत्तर दिले की त्या बाईचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची गरज उरत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ धुळीत मुकाट्याने बसले, तोपर्यंत त्यांचे काहीच चुकले नव्हते. चुकले ते आठव्या दिवशी, निदान सांगू लागले तेव्हा.

मी दुसऱ्यांना दोष देण्याकरिता हे लिहीत नाही. माझ्या पाळकपणाच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे सुमारे वीस वर्षांमागे, आमच्या मंडळीतील एका बाईच्या अंगाची आग होत असे. पौषाच्या थंडीत ती ओले फडके छातीवर घेऊन बसे. दवाखान्यात काही निघाले नाही. मी नवा, सेमिनरीतून नुकताच आलेला, आणि उत्साह फार. बुधवारच्या प्रार्थनेत मी सर्वांसमक्ष तिला उभे केले, विश्वास धरण्याविषयी बोध केला, आणि पुढच्या बुधवारी विचारले, आता कसे आहे? ती म्हणाली, बरे आहे, पाळकसाहेब. त्यानंतर ती सभेस येईनाशी झाली. तिने माझ्याकरिता खोटे सांगितले होते. माझी प्रार्थना खोटी पडू नये म्हणून. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

आता ह्या दुखण्यांच्या नावांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नावावरून उपचार ठरतो, आणि नाव चुकले तर माणसाची अब्रू जाते. प्राचीन ग्रीक लोकांची समजूत अशी की, स्त्रीचे गर्भाशय शरीरात इकडेतिकडे भटकते आणि ही सारी पीडा त्यामुळे होते. त्यांच्या भाषेतील गर्भाशयाच्या शब्दावरूनच ‘हिस्टेरिया’ हे नाव पडले. सतराव्या शतकात टॉमस सिडनॅम ह्या इंग्रज वैद्याने पुरुषांनाही हेच होते असे दाखवून दिले, तरी नावातला स्त्रीचा डाग गेला नाही. १८६९ साली अमेरिकेतील जॉर्ज बिअर्ड ह्याने म्हटले की ज्ञानतंतूंतील शक्ती खर्च होऊन माणूस गळून जातो. पॅरिस शहरी शार्को नावाच्या थोर डॉक्टराने अशा शेकडो रोग्यांचा अभ्यास केला. १८९५ साली व्हिएन्नाच्या ब्रॉयर व फ्रॉइड ह्यांनी लिहिले की मनात दाबून ठेवलेले दुःख शरीराच्या वाटेने बाहेर येते. आपल्या देशातील तरुण ‘धातू जाते’ म्हणून झुरतात, त्या तक्रारीचे वैद्यकीय नाव १९६० साली डॉ. विग ह्यांनी रूढ केले.

पुढे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९८० साली आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथातून हिस्टेरियाचे जुने प्रकरण मोडून नवे प्रकार केले. त्यांपैकी एकाची कसोटी अशी होती की, कारण न सापडणारी लक्षणे स्त्रीस निदान १४ व पुरुषास निदान १२ असली पाहिजेत. स्त्रियांना दोन दुखणी अधिक का लागावीत, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पण विनोद बाजूला ठेवून सांगावयाचे ते हे की, अशी मोजणी करूनही भागले नाही. तेरा दुखणी असलेली बाई त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि तिचे हाल काही कमी नव्हते.

म्हणून २०१३ साली त्याच ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत मोठा पालट झाला. ‘कारण सापडत नाही’ ही अट त्यांनी ह्या प्रकारातून काढूनच टाकली. आता विचारतात ते असे : शरीराला त्रास आहे का, तो बहुधा सहा महिन्यांहून अधिक टिकला आहे का, आणि त्याविषयीची भीती, विचार व धावपळ ह्यांनी त्या माणसाचे दिवस खाऊन टाकले आहेत का? जागतिक आरोग्य संघटनेचे नवे वर्गीकरण २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आले, त्यातही हीच दिशा धरली असून नाव ‘शारीरिक क्लेशाचा विकार’ अशा अर्थाचे दिले आहे. ह्या पालटातील मर्म उपदेशकांनी नीट लक्षात घ्यावे. ‘सापडले नाही’ ही गोष्ट डॉक्टराच्या ज्ञानाविषयी आहे. ‘दुखते’ ही रोग्याविषयी आहे. एका माणसाला मधुमेह असतो आणि त्याशिवाय ही पीडाही असते. एकीची हृदयाची झडप खरोखरच बिघडलेली असते आणि भीतीने तिची धडधड दुप्पट होते. शरीर की मन असा निवाडा मागणे म्हणजे विहिरीचे पाणी कोणत्या झऱ्याचे किती, हे घागरीला विचारणे होय.

ही दुखणी किती साधारण आहेत, ह्याचा एक दाखला देतो. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एका दवाखान्यातील १००० रोग्यांचे कागद तपासले. छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, झोप न येणे, बधिरपणा अशा नित्याच्या नव्या तक्रारींपैकी शारीरिक रोगाचे कारण फक्त १६ टक्क्यांत मिळाले. हा तर सुसज्ज दवाखाना. तेव्हा तुमच्या बाईच्या कागदांत काही निघाले नाही, ह्यात नवल नाही आणि तिची नाचक्कीही नाही.

मग दुखते कशाने? ह्याचे सर्व उत्तर अजून कोणाजवळ नाही, पण काही भाग स्पष्ट झाला आहे. भ्यालेला मनुष्य नकळत भरभर श्वास घेतो. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि ओठांना व बोटांना खरोखरच मुंग्या येतात, छाती आवळते, डोके हलके होते. चिंतेने मानेचे स्नायू दिवसभर ताठ राहिले म्हणजे संध्याकाळी डोके खरोखरच ठणकते. दीर्घकाळ दुखत राहिले तर दुखणे जाणणारे ज्ञानतंतूच हळवे होतात. राखणीच्या कुत्र्यावर एकदा बिबट्याने झडप घातली, तर पुढे पाचोळा वाजला तरी ते रात्रभर भुंकते. कुत्रे सोंग करते असे आपण म्हणत नाही. बिबट्या आता नाही हे खरे, आणि भुंकणेही खरे.

ह्याविषयी मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट १९०८ सालची आहे. हूव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने एक साधी खूण लिहून ठेवली. एखाद्याचा एक पाय लुळा पडला आहे; तो पलंगावर टाच दाबून धर म्हटले तर दाबवत नाही. मग त्याला दुसरा, चांगला पाय जोराने वर उचलावयास सांगतात. त्या वेळी लक्ष चांगल्या पायाकडे असते, आणि लुळ्या पायाची टाच आपोआप पलंगावर दाबली जाते. पूर्वी काही डॉक्टर ह्या खुणेचा उपयोग रोग्याला पकडण्याकरिता करीत : पाहा, तुझा पाय चांगला आहे! आज जाणते डॉक्टर तीच खूण रोग्याला प्रेमाने दाखवतात : पाहा, तुझ्या पायाकडे जाणारा रस्ता शाबूत आहे, केवळ हुकूम पोहोचत नाही, आपण शिकवू. व्यायाम शिकवणाऱ्या माणसाच्या मदतीने पुष्कळांचे पाय पुन्हा चालू लागतात. खूण एकच, एकाच्या हातात ती आरोप होते, दुसऱ्याच्या हातात आशा.

परंतु ह्याच ठिकाणी मला दुसरा इशाराही दिला पाहिजे, आणि तो मी माझ्या चुकीनेच शिकलो. पहिल्या बाईच्या अनुभवानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. आमच्या मंडळीतील एका वडिलांची पाठ दुखत असे, आणि त्याच काळात त्यांच्या मुलाने घर सोडले होते. मी मोठ्या शहाणपणाने म्हटले, दादा, हे मनाचे ओझे पाठीवर आले आहे. मी त्यांच्याबरोबर बसलो, ऐकले, प्रार्थना केली. चार महिने गेले. त्यांना रात्री घाम येई, सदरा अंगाला सैल होत चालला होता, हे माझ्या डोळ्यांदेखत होते, पण मला दिसले नाही. शेवटी कळले की मणक्याचा क्षय आहे. औषधाने ते वाचले, परंतु कमरेतून वाकले ते वाकलेच. आजही ते मला आदराने ‘पाळकसाहेब’ म्हणतात, आणि मला खाली पाहावे लागते.

डॉक्टरांनाही असा धडा मिळालेला आहे. लंडनच्या एलियट स्लेटर ह्या डॉक्टराने १९६५ साली हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या ८५ रोग्यांचे पुढे काय झाले ते शोधून काढले. त्यांतील पुष्कळांना पुढे मेंदूचे वा शरीराचे खरे आजार निघाले, आणि काही तर मरण पावले होते. तेव्हापासून तपासण्या सुधारल्या. २००५ साली अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा १९७० नंतर अशी चूक शंभरात सुमारे चारच ठिकाणी झाल्याचे आढळले. चार थोडे आहेत. पण मणके वाकलेले आमचे दादा त्यांच्याच जातीचे. यास्तव पहिली पायरी नेहमी डॉक्टराची. वजन घटणे, ताप, रात्रीचा घाम, शौचातून किंवा खोकल्यातून रक्त, एकाएकी एका बाजूचा हातपाय जाणे किंवा वाचा बसणे, छातीतली कळ हाताकडे जाणे, ह्यांपैकी काही असेल तर उपदेशकाने तेथे गीत सुरू करू नये, गाडी पाहावी.

अमेरिकेत बॉस्टन शहरी इमॅन्युएल नावाच्या चर्चमध्ये १९०६ साली पाळक एल्वुड वूस्टर ह्यांनी डॉक्टरांच्या साह्याने अशाच रोग्यांकरिता काम सुरू केले. त्यांचा नियम होता की आधी डॉक्टर तपासील, मग पाळक बसेल. तरीही थोड्याच वर्षांत कित्येक डॉक्टर त्यांच्यावर रागावले, की पाळकांनी वैद्यकी करू नये. मला वाटते दोघांचेही थोडे थोडे खरे होते. आपण वूस्टर नाही, पण त्यांचा तो नियम आपण घ्यावा.

तपासणी झाली, डॉक्टरांनी धोका नाही असे सांगितले, मग उपचार काय? आपल्याकडे ह्याचे उत्तर सलाइन असे होऊन बसले आहे. अंगात ताकद नाही, लावा बाटली. पुन्हा चार दिवसांनी बाटली. ती बाटली उतरेपर्यंत कोणीतरी उशाशी बसते, तेवढाच काय तो त्यातला गुण. त्यापेक्षा फार स्वस्त उपाय ठाऊक झालेला आहे. १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात ३८ रोग्यांवर हा प्रयोग झाला. वर्षानुवर्षे नाना दुखण्यांनी दवाखाने पालथे घातलेले हे लोक. त्यांच्या डॉक्टरांना एक पत्र पाठवले : रोग्याला ठराविक दिवशी बोलवा, दुखो वा न दुखो; दर खेपेस अंगाला हात लावून तपासा; गरजेवाचून चाचण्या व शस्त्रक्रिया करू नका; आणि हे सर्व तुझ्या डोक्यात आहे असे कधी म्हणू नका. एवढ्याने त्यांचा उपचाराचा खर्च निम्म्याहून खाली आला. पाहा, दुखल्यावरच डॉक्टर भेटतो असे असले तर शरीर दुखावयास शिकते. नेमलेला दिवस असला की दुखण्याचे ते काम उरत नाही.

ह्याखेरीज काहींना मनोविकारतज्ज्ञाशी किंवा शिकलेल्या समुपदेशकाशी क्रमाने बोलल्याने, भीतीचा व दुखण्याचा फेरा समजून घेतल्याने आराम पडतो. तो आराम मोठा नसतो, पण खरा असतो. काहींना उदासीनतेवरील गोळ्यांची अल्प मात्रा दुखणे कमी करते. त्या गोळ्या वेड्याच्या नव्हेत, आणि त्या घेणे हा अविश्वास नव्हे. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडे, तेव्हा पौलाने त्याला अधिक प्रार्थना कर असे कळवले नाही. घरगुती औषध कळवले. हळूहळू हालचाल वाढवणे पुष्कळांस हितकर आहे. मात्र ते सर्वांना नाही. ज्याला अल्पशा श्रमानंतर दिवसेंदिवस अंथरूण धरावे लागते त्या दीर्घ थकव्याच्या आजारात ठरलेल्या मापाने श्रम वाढवीत जाऊ नये, असे इंग्लंडच्या मार्गदर्शक मंडळाने २०२१ साली ठरवले. तेव्हा ‘उठ, काम कर, बरे वाटेल’ हे वाक्य जपून वापरा.

आणि आता आपल्या जवळच्या मुलखाकडे वळतो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी १८ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांना घरोघरी जाऊन विचारले. ती पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा आहे असे शंभरात बारा जणींनी सांगितले. आपण लगेच म्हणू, रक्त कमी असेल. रक्त तपासले, थकव्याचा व रक्तातील हिमोग्लोबिनचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कर्जाशी, गेल्या तीन महिन्यांत पोटभर अन्न नसण्याशी, नवऱ्याच्या जुलमाशी, वैधव्याशी, आणि घरात आपला शब्द न चालण्याशी. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीविषयीही त्यांना बहुतांशी असेच आढळले. (रक्त तपासू नये असा ह्याचा अर्थ नव्हे, तपासावेच.) ज्या बाईला ‘माझा नवरा मारतो’ हे म्हणण्याची सोय नाही, तिला ‘माझे अंग गळून जाते’ हे म्हणण्याची सोय आहे. तिचे अंग खरोखरच गळते. ती एकाच वेळी दोन्ही सांगत असते, आणि आपण एकच ऐकतो.

विचारले तर लोक सांगतात काय? सांगतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या १४ देशांच्या पाहणीत, ज्यात आपले बंगलोरही होते, उदासीनतेने आजारी अशा १,१४६ रोग्यांपैकी ६९ टक्के केवळ शरीराचे दुखणे घेऊन दवाखान्यात आले होते. पण सरळ प्रश्न केल्यावर मनाचे दुःख नाकारणारे शंभरात अकराच निघाले. म्हणजे कुलूप आपण समजतो तेवढे भक्कम नाही. दार कोणी ठोठावीतच नाही.

हे ठोठावण्याचे काम मोठी पदवी नसलेली माणसेही करू शकतात, हेही गोव्यातच दिसून आले. तेथे ‘मानस’ नावाच्या कामात वैद्यकी न शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचे शिक्षण देऊन दवाखान्यांत बसवले, पाठीशी डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ ठेवले. २०१० साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा रोग्यांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले. जेथे अशी बाई नव्हती तेथे सुमारे ४३ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, आपण काय करावे? एलीया रतामाच्या झुडपाखाली निजला होता आणि मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्यास बोध केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले. प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेबाला आला. आपणही आधी झोपेविषयी विचारावे, जेवणाविषयी विचारावे. मग कर्जाविषयी, उचलीविषयी, गेलेल्या लेकराविषयी. हे सासूसमोर विचारू नये. बाईंना बायबल-बाईने विचारावे, आणि एकाच खेपेत सर्व उकरू नये. जगणे नकोसे झाले आहे काय, हेही स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. उत्तर होय असे आले तर त्या बाईला एकटी सोडू नका, आणि त्याच दिवशी सरकारच्या टेलि-मानस सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून ती सेवा मराठीतूनही मिळते व तिला पैसे पडत नाहीत. आपल्या आशाताईंनाही विश्वासात घ्या.

आणि भूत काढण्याविषयी. शास्त्रात भूतग्रस्तांच्या हकीकती आहेत, त्या मी नाकारीत नाही. पण मत्तयाने चौथ्या अध्यायात येशूकडे आणलेल्यांची नावनिशी दिली आहे, तेथे भूतग्रस्त निराळे, फेफरेकरी निराळे व पक्षघाती निराळे लिहिले आहेत. शुभवर्तमानकारालाच वर्गवारी करावीशी वाटली, तर आपण सर्वांना एकाच दोरीत का बांधावे? दोरी हा शब्द मी मुद्दाम लिहिला. दातखिळी बसणाऱ्या मुलीला बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हातात ताईत असो की शुभवर्तमान, कायद्याला ते सारखेच.

प्रभू त्या दिवशी घाईत होता. याईराची मुलगी मरणोन्मुख होती, बाप बोलवावयास आला होता, लोकांची दाटी होती. बरी तर ती स्त्री आधीच झाली होती. निघून गेला असता तर कोणी नाव ठेवले नसते. तरी तो थांबला, आणि तिने पुढे येऊन आपले सारे खरेखुरे सांगेपर्यंत थांबून राहिला. बारा वर्षांची हकीकत किती वेळ चालली असेल? याईराच्या जिवाची काय घालमेल झाली असेल? तिचे सांगून झाल्यावर तिला जी हाक मिळाली ती मुलीची. बरे होणे आणि ऐकून घेतले जाणे ह्या दोन निरनिराळ्या देणग्या आहेत, असे मला हा पाठ वाचताना दरवेळी वाटते. पौलाच्या शरीरातील काटा तीन वेळा मागूनही निघाला नाही. तो काटा कसला होता ह्यावर टीकाकारांनी ग्रंथ लिहिले, आणि एकमत अद्याप नाही. नाव नसलेले दुखणे प्रेषितालाही होते.

आता त्या आमच्या बाईविषयी. मंडळी सोडून तिला सहा वर्षे झाली होती. तिला झोप लागते का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो मी नव्हे, तालुक्याच्या दवाखान्यातील एका परिचारिकेने. बाई रडू लागली. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली होती, ऊसतोडीला दोघे गेली होती, आणि फडात पाल पेटून तिचे तान्हे भाजून गेले होते. गावी परतल्यावर सासरच्यांनी त्याचे नाव घ्यावयाचे नाही असे ठरवले होते. तिच्या अंगाची आग कोठून आली, हे समजावयास सेमिनरी लागत नव्हती. पण बुधवारी तिला उभे करून मी विश्वासाविषयी बोललो होतो.

मी तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, पाळकसाहेब, तुम्ही तरी काय करणार, तुम्हाला कुठे ठाऊक होते? मी म्हटले, बाई, विचारले असते तर झाले असते. तिला गोळ्या सुरू झाल्या, महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती दवाखान्यात जाते, आणि माझी पत्नी व ती दर बुधवारी सभेआधी अर्धा तास चुलीपाशी बसतात. त्या लेकराचे नाव आता मंडळीच्या नोंदवहीत आहे. ते तिने स्वतः सांगून लिहवले. आग अजून होते, बहुधा संध्याकाळी, कंदील लावण्याच्या वेळेस. गेल्या आठवड्यात मी विचारले तेव्हा म्हणाली, होते, पण आता फडके भिजवावे लागत नाही.